अठरा वसाहती आणि एक गाभोळी

मी वसाहती मोजून पोट भरते. खरंच. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केल्यावर एका खासगी प्रयोगशाळेत लागले. दूध, पनीर, पाणीपुरीचं पाणी, हॉटेलातला बर्फ असे नमुने आमच्याकडे येतात. त्यांचे थेंब पेट्री डिशमध्ये पसरायचे, डिश उबेत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी त्यात उगवलेले ठिपके मोजायचे. त्या ठिपक्यांना आम्ही कॉलनी म्हणतो, म्हणजे वसाहत. पेनानं एकेका ठिपक्यावर खूण करत आकडा लिहायचा आणि सही ठोकायची. त्यात माझं लहानपणही वसाहतीतच गेलं, वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीत. त्यामुळे हा शब्द कुठंही दिसला की माझी नजर तिथं अडकते.

२०२० साली तो बातम्यांत दिसला. कोस्टल रोडच्या कामात आड येणाऱ्या प्रवाळांच्या, म्हणजे पोवळ्यांच्या, १८ वसाहती दुसरीकडे हलवणार, अशी बातमी होती. नंतर त्या हलवल्याची बातमी आली, आणि पुढं त्या जगल्याची. पेपरांनी छापलं, आपण फॉरवर्ड केलं, टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

हा लेख त्या टाळ्या परत घेण्यासाठी आहे.

पोवळी मेली असं मला म्हणायचं नाही. जगली असतील तर आनंदच आहे. माझं भांडण ‘जगली’ या शब्दावर फाईल बंद करण्याशी आहे. जिवंत असणं म्हणजे नांदणं नव्हे, हे मोजणीच्या धंद्यातल्या माणसाला तरी कळायला हवं. आणि पोवळ्यांचं नांदणं ज्या पाण्यावर ठरतं, त्या पाण्याबद्दल आपण त्या बातम्यांत एक ओळही मागितली नाही.

काय झालं होतं?

थोडक्यात सांगते, कारण तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असतील. प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सी लिंकच्या वरळी टोकापर्यंत १०.५८ किलोमीटरचा रस्ता करायचा होता, त्यातला बराचसा समुद्रात भराव टाकून. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्रकल्पाची किनारपट्टी नियमन क्षेत्राची मंजुरी रद्द केली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. मार्च २०२४ मध्ये पहिला टप्पा वाहतुकीला खुला झाला.

मधल्या काळात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर पोवळी आहेत, ही गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. ‘सगळ्यांच्या’ म्हणजे ज्यांना माहीत नव्हती त्यांच्या. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७ पासून ओहोटीला लोकांना खडकांवर नेऊन हे जग दाखवत होतीच. पोवळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाच्या तोडीचं, संरक्षण आहे. त्यामुळे त्यांना हात लावायला वनखात्याची परवानगी लागली. ती मिळाली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली त्या वसाहती हलवल्या गेल्या.

ज्यांनी ओहोटीच्या तासा-दोन तासांत, चिखलात उभं राहून ते नाजूक काम केलं, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. लाटांत भिजत काम करणाऱ्या माणसावर एसीत बसून टीका करण्यात काही शौर्य नाही. प्रश्न त्यांना दिलेल्या प्रश्नपत्रिकेचा आहे. प्रश्नपत्रिकेत एकच प्रश्न होता: किती हलवली, किती जगली? उत्तर आलं, शंभरापैकी गुण मिळाले, पुढचा प्रकल्प.

गाभोळी

गेल्या मे महिन्यात एका पहाटे मोठी ओहोटी होती. मी स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला गेले आणि चिंबईच्या बाजूच्या खडकांवर वाकून वाकून फिरत होते. परतताना कोळीवाड्याच्या तोंडाशी एक मावशी टोपली घेऊन बसल्या होत्या.

“काय गं, मोबाईल पडला काय खडपात?”

“नाही मावशी, जनावरं बघत होते.”

“बघ, बघ. गाभोळी हवी तर आत्ताच घे. एकदा बोटी बंद झाल्या की मग दोन महिने सुकं खावं लागंल.” मग टोपलीतल्या एका माशाचं पोट अंगठ्यानं दाबून म्हणाल्या, “यंदा बारीक हाय पण.”

मी गाभोळी घेतली, घरी येऊन रवा लावून तळली, खाल्ली. पण ते ‘यंदा बारीक हाय’ डोक्यात राहिलं. मासे किती मिळाले हे त्यांनी मला सांगितलंच नाही. माशाच्या पोटात पुढचं वर्ष किती भरलंय, ते सांगितलं. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचा हिशोब असा असतो.

हाच हिशोब सरकारलाही मान्य आहे बरं का. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण तो बऱ्याच माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. २०२३ साली राज्यानं ५४ प्रकारच्या माशांसाठी किमान आकार ठरवला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही, कारण त्यानं एकदा तरी वीण घातलेली असायला हवी. ‘समुद्रात बांगडा जिवंत आहे ना, मग बंदी कशाला?’ असं कुणी विचारलं तर तुम्ही आम्ही हसू. पोवळ्यांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच बोललो.

एका रात्रीचं जेवण

पोवळं हा प्राणी आहे. दगडासारखं दिसतं ते त्यानं बांधलेलं घर. आत मऊ देहाचे छोटे छोटे जीव असतात, तोंडाभोवती बोटांसारखे तंतू असलेले. जागेवरून हलता येत नाही, त्यामुळे लग्न जुळवायला पाणीच लागतं. पुष्कळ जातींची पोवळी आपली अंडी आणि शुक्राणू थेट समुद्रात सोडतात.

हे सगळं एकाच रात्री, एकत्र घडतं, हे शास्त्रज्ञांना फार उशिरा कळलं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला काही तरुण संशोधक रात्री पाण्यात उतरले. वसंत ऋतूतल्या पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, अंधार पडल्यावर, कितीतरी जातींची पोवळी एकदम बीज सोडताना त्यांना दिसली. गुलाबी-नारिंगी गोळ्या तळातून वर निघतात, जसा उलटा पाऊस. १९८४ साली ‘सायन्स’मध्ये त्यांचा निबंध आला. तुम्ही त्याचे व्हिडिओ पाहिले असतील. मागं पियानो वाजत असतो.

व्हिडिओ संपतो तिथं माझ्या विषयाची सुरुवात होते. त्या गोळ्यांतल्या फार थोड्यांची पोवळी होतात. बाकीच्यांचं काय होतं? काही मासे खातात. उरलेलं सगळं, फुटलेली अंडी, न जुळलेले शुक्राणू, चरबी, प्रथिनं, पाण्यातल्या आणि वाळूतल्या सूक्ष्मजीवांच्या पानात पडतं.

समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात. विषाणू त्याच्या दहापट. प्रवाळभित्तीवरचं पाणी निळंशार दिसतं कारण त्यात खायला फारसं काही नसतं. ते सगळे जिवाणू जवळपास उपाशी, एकमेकांच्या ताटातलं उचलून जगणारे. आणि वर्षातून एकदा, एका रात्रीत, त्यांच्या अंगणात पंगत बसते. ग्रेट बॅरियर रीफवरच्या हेरॉन बेटाभोवती या रात्रीनंतर पाण्याचं काय होतं, हे संशोधकांनी बारकाईनं मोजलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की वाळूत मुरलेलं बीज तिथले सूक्ष्मजीव झपाट्यानं संपवतात आणि त्यासाठी भराभर प्राणवायू ओढतात. २००८ च्या दुसऱ्या अभ्यासानं तर सगळ्या घटनेला निसर्गानं स्वतःच केलेला खतपाण्याचा प्रयोग म्हटलं. बीज पडतं, सूक्ष्मजीव ते फोडतात, त्यातला नायट्रोजन-फॉस्फरस पाण्यात मोकळा होतो, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि काही दिवस सगळ्या परिसराचा श्वास वेगानं चालतो. मग हळूहळू पाणी पूर्ववत होतं. वाया काही जात नाही.

आणि सूक्ष्मजीव नुसते जेवून जात नाहीत. बीजातून जन्मलेलं पोवळ्याचं पिल्लू काही दिवस तरंगत फिरतं आणि मग बसायला जागा शोधतं. कुठल्याही दगडावर ते बसत नाही. दगडावर जिवाणूंचा पातळ थर असतो, त्याच्या रसायनांच्या खुणा ते ओळखतं. २००१ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं, की एका गुलाबी, चुनखडी शेवाळावरून वेगळा काढलेला एक जिवाणू एकटाच पिल्लांना रूप बदलायला, म्हणजे तळाशी बसून पोवळं व्हायला, उद्युक्त करू शकतो. निंगालू भित्तीवर झालेल्या अभ्यासांत असंही दिसलं, की पोवळी बीजासोबत काही ठरावीक जिवाणूही पाण्यात सोडतात, लेकीला सोबत पाठवणी द्यावी तसे.

म्हणजे जिवाणू वऱ्हाडीही आहेत आणि सुईणही. पोवळ्याचं कुटुंब मोजायचं तर त्यांना वगळून मोजता येत नाही.

तीच पंगत, तेच जेवणारे

आता याची दुसरी बाजू. मार्च १९८९ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात निंगालू भित्तीवरच्या बिल्स बे नावाच्या खाडीत पोवळ्यांनी नेहमीसारखं बीज सोडलं. त्या दिवसांत वारा पडलेला होता. बीजाचा तवंग उघड्या समुद्रात वाहून जाण्याऐवजी खाडीतच अडकला. सूक्ष्मजीवांनी तो खायला सुरुवात केली, आणि खाता खाता पाण्यातला प्राणवायू संपवला. मासे गुदमरून मेले. पोवळीही मेली, स्वतःच्याच विणीमुळे.

विष कुणी टाकलं नव्हतं, नवा रोग आला नव्हता. पोवळी तीच, जिवाणू तेच, बीजही तेच. फक्त पाणी हललं नाही. सोहळा आणि सुतक यांच्यात फरक होता तो पाण्याच्या वाहण्याचा आणि त्यातल्या प्राणवायूचा.

आणखी दोन गोष्टी सांगते. २००६ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या पोवळ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संशोधकांनी पोवळ्यांच्या पाण्यात वेगवेगळ्या साखरा वाढवल्या. साखर हे काही विष नाही. पण पोवळी मेली, कारण त्यांच्या अंगावरचे जिवाणू त्या खाऊवर बेसुमार वाढले. आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पक्कं सिद्ध केलं, की फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या एल्कहॉर्न पोवळ्यांवर पांढरे चट्टे पाडून त्यांना मारणारा जिवाणू माणसाच्या सांडपाण्यातून आलेला होता. सेराशिया मार्सेसेन्स त्याचं नाव. आमच्या प्रयोगशाळेत तो ओळखीचा आहे, प्लेटवर लालचुटुक उगवतो. माणसांच्या रुग्णालयांतला हा जुना उपद्रवी. संडासातून निघून तो समुद्रातल्या पोवळ्यापर्यंत पोचला.

आता वांद्र्याचं पाणी

इथं तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, ताई, हे सगळं ठीक, पण मुंबईत ग्रेट बॅरियर रीफ कुठं आहे? वरळीच्या चार दगडांवरची पोवळी बीज सोडून अरबी समुद्र गुलाबी करणार आहेत का?

नाही करणार. हा आक्षेप खरा आहे आणि मला तो टाळायचा नाही. आपल्या किनाऱ्यावरची पोवळी छोटी, विखुरलेली, गढूळ पाण्याला सरावलेली. हलवलेल्या वसाहतींच्या बाबतीत ऱ्हायझँजिडी कुळाचं नाव आलं होतं. या कुळातली बरीच पोवळी बोटाच्या पेरापेक्षा मोठी नसतात आणि त्यांची सगळी भिस्त पोटातल्या शेवाळावर नसते. पाण्यातून जे येईल ते पकडून ती खातात. भित्तीवरच्या पोवळ्याला निदान उन्हाचा आधार असतो, आतलं शेवाळ त्याला अन्न करून देतं. आपल्या या गरीब पोवळ्याला पाणीच माय आणि पाणीच बाप.

म्हणूनच नातं इथं उलटं फिरतं. हेरॉन बेटावर पोवळी एका रात्रीत पाण्याला जेवायला घालतात. मुंबईत पाण्याला जेवायला आपण घालतो, वर्षाचे ३६५ दिवस, दोन्ही वेळ. तिथल्या जिवाणूंची भूक पोवळ्यांच्या विणीला उत्तर देते. इथल्या जिवाणूंचं पोट आपण आधीच भरून ठेवलंय, आणि त्या पाण्यात पोवळ्यांना वीण जमणार का, हा प्रश्न आहे.

वांद्र्याहून सुरुवात करू. पश्चिम उपनगरांतलं सांडपाणी वांद्र्याच्या केंद्रात येतं आणि समुद्रतळाखालच्या बोगद्यातून काही किलोमीटर आत नेऊन सोडलं जातं. दुसऱ्या बाजूला मिठी नदी माहीमच्या खाडीत उतरते आणि वाटेत काय काय घेऊन येते, हे वांद्रे-कुर्ला संकुलातून रिक्षानं गेलेल्या कुणालाही नाकानं कळतं. त्याच मिठीच्या तोंडाशी आपण वांद्रे रेक्लमेशन करून ठेवलंय, म्हणजे पाण्याची वाट आधीच अरुंद केलीय. २६ जुलै २००५ ला नदीनं ती वाट आपल्या घरांतून शोधली. आमच्या वसाहतीच्या भिंतींवर पुढं कितीतरी वर्षं त्या पाण्याची रेघ होती.

जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मुंबईतल्या सात सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन झालं: वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर. खर्च सुमारे १७,२०० कोटी, एकत्रित क्षमता दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर. ही केंद्रं व्हायलाच हवीत, आणि लवकर. पण तारखांकडे बघा. वसाहती हलवल्या आधी. त्यांच्या वाट्याला येणारं पाणी नीट करायची कुदळ पडली नंतर. घर बदललं, नळ तोच ठेवला.

मोजणाऱ्याची लबाडी

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, बाहेर फारशी बोलली जात नाही. समुद्राच्या पाण्याचा थेंब प्लेटवर पसरला तर त्यातल्या शंभर जिवाणूंपैकी एखादा उगवतो, तोही नशीब असेल तर. बाकीच्यांना प्लेटवरचं जेवण मानवत नाही. त्यामुळे ‘इतक्या वसाहती आढळल्या’ हे वाक्य खरं असतं आणि तरी पाण्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. जे उगवलं ते मी मोजलं, एवढाच त्याचा अर्थ. सूक्ष्मदर्शकाखाली थेट मोजायला आणि जनुकांवरून ओळख पटवायला लागल्यावर आमच्या शास्त्राला आपला आंधळेपणा कळला.

पोवळ्यांच्या १८ वसाहतींचा आकडा मला त्या प्लेटची आठवण करून देतो. तो खोटा नाही. तो सोयीचा आहे. वसाहत हाताला लागते, तिला नंबर देता येतो, फोटो काढता येतो. बीज हाताला लागत नाही. पिल्लू डोळ्याला दिसत नाही. पाण्यातला प्राणवायू फोटोत येत नाही. म्हणून जे मोजता येतं तेवढंच वाचवायचं आणि ते वाचलं की सगळं वाचलं म्हणायचं.

हा दोष फक्त सरकारी फायलींचा नाही. आमच्या बाजूच्या निसर्गप्रेमींनीही तोच खेळ खेळला, त्यात मी आले. खडकांवरच्या एका फुलासारख्या दिसणाऱ्या झोअँथिडचा फोटो मी एकदा टाकला होता, वर लिहिलं होतं ‘मुंबईचं कोरल’. झोअँथिड पोवळ्याचा चुलत नातेवाईक, पोवळं नव्हे. कुणी विचारलं नाही, मीही दुरुस्त केलं नाही. लाइक पडत होते. रंगीत, गोंडस, एकेकटं दिसणारं जनावर आम्ही लोकांपुढं ठेवलं आणि मग प्रकल्पवाल्यांनी म्हटलं, हे जनावर हवंय ना? हे घ्या, उचलून तिकडं ठेवतो. आता तक्रार काय?

तक्रार करायला आमच्याकडे शब्दच उरले नाहीत, कारण आम्ही पाण्याबद्दल बोललोच नव्हतो. पाण्याबद्दल बोलले ते वरळीचे कोळी. पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर वाढवा, नाहीतर बोटी जाणार कशा, यासाठी ते कितीतरी महिने भांडले आणि ६० मीटरचं अंतर १२० मीटर करून घेतलं. वाहत्या पाण्याची वाट हा त्यांच्या भांडणाचा मुद्दा होता. आम्ही तेव्हा फोटो काढत होतो.

म्हणून काय करायचं?

‘मग विकास नको का?’ हा प्रश्न येणारच. मला विकास हवा. मी रोज लोकलनं लटकून जाते, रस्त्यांबद्दल मला शिकवू नका. तरी मानलं, रस्ता झाला. पण वर्सोवा-वांद्रे सी लिंकचं काम चालू आहे, पुढं उत्तरेला भाईंदरपर्यंत किनारी रस्ता जायचाय. ज्या खडकांवर मी त्या पहाटे वाकून चालत होते, ते या कामांपासून लांब नाहीत. ‘आम्ही पोवळी हलवतो, ती जगतात’ हा दाखला आता प्रत्येक फाईलला जोडला जाईल. त्याआधी दाखल्याचा नमुना बदलायला हवा.

माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, हलवलेल्या वसाहती जगल्या का, एवढंच लिहू नका. त्यांनी वीण घातली का, ते लिहा. पोवळ्याच्या पेशींचा नमुना घेऊन त्यात अंडी भरली आहेत का, हे तपासता येतं. ही गाभोळी पाहण्याचीच गोष्ट आहे, शास्त्रीय भाषेत. दोन, नव्या जागी आसपासच्या खडकांवर नवी पिल्लं बसली का, ते पाहा. त्यासाठी फरश्यांचे तुकडे पाण्यात ठेवून काही महिन्यांनी तपासण्याची पद्धत जगभर वापरात आहे, काही महाग नाही. तीन, जुन्या आणि नव्या दोन्ही जागचं पाणी वर्षभर मोजा. विरघळलेला प्राणवायू, नायट्रोजन, सांडपाण्यातले जिवाणू आणि एकूण सूक्ष्मजीवसमूह. भरावाआधी, भराव चालू असताना आणि भरावानंतर. चार, हे सगळं लोकांना दिसेल असं ठेवा, महिन्याच्या महिन्याला. हवेचा निर्देशांक आपण मोबाईलवर बघतो, तसं पाणी का बघू नये?

यातलं काही जमलं नाही तर निदान प्रामाणिक शब्द वापरा. ‘पोवळी वाचवली’ असं म्हणू नका. ‘पोवळी हलवली’ म्हणा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला एवढा व्याकरणाचा मान द्यायला हरकत नसावी.

आणि आपण, मोबाईलवर हे वाचणारे, सुट्टीत मालवणला जाऊन स्नॉर्केलिंग करणारे? तिथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अवतीभवती पोवळी आहेत. परत आल्यावर ‘कोरल बघितलं’ असं आपण सांगतो. पुढच्या वेळी नाव चालवणाऱ्या दादांना एवढंच विचारा, इथलं सांडपाणी कुठं जातं? हॉटेलवाल्यालाही विचारा. उत्तर ऐकून फोटो टाका. कॅप्शन आपोआप बदलेल.

यंदाचा मे येईल तेव्हा मी पुन्हा चिंबईच्या बाजूला जाणार आहे. मावशी भेटल्या तर आधी गाभोळीचा हाल विचारेन, मग भाव. आणि पालिकेकडून पुन्हा कधी ‘सर्व वसाहती सुस्थितीत’ अशी बातमी आली, तर तिच्याखाली मी एकच ओळ लिहिणार आहे. तुम्हीही लिहा. इमोजी नको, शिवी नको, नुसता सवाल:

पोवळी जगली, ठीक. गाभोळी धरली का?